पिवळ्या तिकिटांच्या दोन ओळी

लोणावळ्याच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये दोन खोल्या होत्या आणि त्यातली अर्धी खोली तुर्कस्तानची होती. खिडकीखालचं टेबल, त्यावरचा दिवा, टेबलाखालची पत्र्याची पेटी आणि भिंतीला टेकवून ठेवलेला एक मोठा पुठ्ठा, एवढा मुलूख अब्बांच्या ताब्यात होता. तिथं चहाची कपबशी न्यायलासुद्धा बंदी होती. अब्बा स्टेशनवर पार्सल ऑफिसात कारकून होते. ड्यूटी संपवून आले की साबण लावून दोनदा हात धुवायचे, पंच्यानं बोटन् बोट कोरडं करायचे आणि मगच पेटी उघडायचे. आई म्हणायची, "नमाजाला येवढं हात धूत न्हाईत." अब्बा म्हणायचे, "नमाजात चूक झाली तर अल्ला माफ करतो. कागद करत नाही." हे दोघांचं बोलणं मी इतक्यांदा ऐकलंय की आजही हात धुताना माझ्या कानात ते वाजतं. आम्ही वडलांना अब्बा म्हणायचो आणि आईला आई. आईचं माहेर वराळ्याचं. तिच्या गावात सगळीच पोरं आईला आई म्हणत, म्हणून तिनं दुसरं काही म्हणवून घेतलं नाही. त्यात विचित्र काही आहे हे मला लग्नानंतर कुणीतरी सांगितलं.

तिकिटं जमवणं म्हटलं की लोकांना फुलपाखरं, आगगाड्या, राण्यांचे चेहरे आठवतात. आमच्याकडं तसलं काही नव्हतं. माझ्या जन्माआधी कधीतरी एका बंद बंगल्यातलं सामान विकायला काढलं होतं, तिथून अब्बांनी एक स्टूल आणि जुन्या पत्रांचं एक खोकं उचलून आणलं. पत्रं कुणा व्यापाऱ्याची असावीत. त्यातल्या काहींवर तुर्कस्तानची अगदी पहिली टपाल तिकिटं होती, आणि तेवढ्यावर आमचे अब्बा त्या नादाला कायमचे लागले. दिसायला ती तिकिटं अगदीच गरीब. कडांना दाते नाहीत, कात्रीनं कापलेली. पातळ कागदावर वरून रंग दिलेला आणि त्यावर काळ्या शाईत सुलतानाच्या सहीचं चित्र. चित्र कसलं, अक्षरांची गाठच ती. तीन उभे खांब, डावीकडं दोन कांदे आणि उजवीकडं शेपूट. हे वर्णन मी सात वर्षांची असताना केलं होतं, ते अब्बांनी उचललं ते उचललंच. इस्तंबूलला एक निवृत्त मास्तर होते, त्यांच्याशी अब्बांची तिकिटांची अदलाबदल चालायची. त्यांना लिहिलेल्या इंग्रजी पत्रातही अब्बांनी 'दुसऱ्या कांद्याच्या खाली' असं लिहिलेलं मी पाहिलंय. मास्तरांना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी उत्तरात कांदाच लिहिला.

अब्बा नुसते जमवत नव्हते, अभ्यास करत होते. ही तिकिटं दगडावरून छापली जायची. एकच चित्र दगडावर ओळीनं पुन्हा पुन्हा उतरवायचं, आणि उतरवताना प्रत्येक जागी काहीतरी बारीक बिघडायचं. कुठं खांबाचं टोक तुटायचं, कुठं खालच्या चंद्रकोरीत ठिपका पडायचा. त्या खोडीवरून एखादं तिकीट मूळच्या पानात कुठल्या जागी होतं ते ओळखायचं, आणि शंभर वर्षं इकडंतिकडं फिरलेली ती तिकिटं एकेक मिळवून पान परत जुळवायचं, असा हा उद्योग. सगळं पान आपल्या हयातीत जमत नाही हे अब्बांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना फक्त पिवळ्या तिकिटांच्या वरच्या दोन ओळी जुळवायच्या होत्या. त्या पानात एक ओळ सुलटी तर दुसरी उलटी छापलेली असे, दोन ओळी एकमेकींकडं तोंड करून. पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं चौकोन आखलेले होते, चौकोनात आकडे होते, आणि वर्षाला दोन कधी तीन या चालीनं चौकोन भरत होते. एक जोडी तर न कापलेली मिळाली होती, एक तिकीट सुलटं आणि त्याला चिकटून दुसरं उलटं. ती आली त्या दिवशी अब्बांनी पेढे आणले. शेजारणीनं विचारलं, काय पास झालं पोर? आई म्हणाली, "न्हाई हो, सुलतान उलटा झालाय."

आईला लिहावाचायला येत नव्हतं, पण कुराणातलं पाठ पुष्कळ होतं, आणि त्या अक्षरांबद्दल तिला फार जपणूक. मला मौलवींनी हरफ, म्हणजे अरबी अक्षरं, शिकवले होते, त्यामुळे तिकिटाखालच्या लाल पट्टीवरचं मी अब्बांना वाचून दाखवायचे. अर्थ आम्हा दोघांनाही नीट लागत नसे. आई लांबून विचारायची, "अल्लाचं नाव हाय का त्यात?" अब्बा सांगायचे, सुलतानाचं आहे, तिजोरीचं आहे. "मग बी वरच ठिवा," ती म्हणायची. तसल्या अक्षरांचा कुठलाही कागद आमच्याकडं केरात जात नसे. फाटलेल्या कायद्याची, म्हणजे हरफ शिकायच्या पुस्तकाची, पानं, लग्नाच्या पत्रिका, उर्दू कॅलेंडरचे महिने, सगळं एका कापडी पिशवीत जायचं. ती पिशवी शेगडीच्या वरच्या अंगाला, उंच खुंटीवर असायची. लोणावळ्याची ओल ज्यांनी भोगली नाही त्यांना ही जागा कळायची नाही. पावसाळ्यात आमच्याकडं मिठाचं पाणी व्हायचं, चपलांना बुरशीचे केस फुटायचे, काडेपेटी छातीशी धरून निजावं लागायचं. शेगडीवरची ती एवढीच भिंत कोरडी असायची. पिशवी भरली की ती नदीला न्यायची आणि दगड बांधून वाहत्या पाण्यात सोडायची. याला कागद थंड करणं म्हणतात. हे काम माझ्या भावाचं, रफीकचं. तो पिशवी हँडलला अडकवून सायकलवर औंढ्याच्या बाजूला जायचा आणि परत येताना भिजून यायचा. पिशवी सोडायला भिजायचं काय कारण, हे आई दर वेळी विचारायची.

रफीक माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तळेगावकडं एका कारखान्यात लागला होता, लोकलनं घोरावाडीला उतरून चालत जायचा. त्याला कावीळ झाली आणि आठ दिवसांत तो गेला. यावर मी जास्त लिहिणार नाही. लिहिण्यासारखं काही केलंही नाही कुणी. औषध दिलं, उसाचा रस दिला, दवाखान्यात नेलं, आणि मग नेण्यासारखं काही उरलं नाही.

मला रडू आलं नाही. हे मी आता कबूल करते, कारण तेव्हा मी पदर डोळ्यांना लावून बसायचे आणि आतून कोरडी ठाक असायचे. कुणी मेल्यावर काय वाटतं ते मला माहीत होतं, लोकांकडं बघून शिकले होते. पण मला काही वाटत नव्हतं. मी भांडी घासायचे, टायपिंगच्या क्लासला जायचे, यायचे. घाटातून इंजिनांच्या शिट्या यायच्या त्या पूर्वीसारख्याच यायच्या. आई स्वयंपाकघरात पाण्याच्या पिंपाशेजारी पाठ टेकून बसायची ती उठायचीच नाही. पडवीपलीकडं तिनं पाऊल टाकलं नाही. सगळं रांधणं माझ्यावर आलं आणि मला धड काही येत नव्हतं. भाकरी एका बाजूनं करपायची, दुसरीकडून कच्ची. तिघं ती मुकाट्यानं खायचो. खारट, अळणी, कुणी कधी म्हटलं नाही. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटायचं. आज मी म्हातारी झाले, माझ्या सुनेच्या हातचं बिघडलं की मी तोंडावर सांगते. ती चिडते. चिडू दे. गप्प जेवणाऱ्या घराची मला धास्ती आहे.

पिशवी खुंटीवर फुगत चालली होती. एकदा मी म्हटलं, "आई, ही नेऊन सोडू का मी?" ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तो नेल." आणि मग भिंतीकडं तोंड करून बसली. तो म्हणजे रफीक. त्याला जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. त्यानंतर मी पिशवीचं नाव काढलं नाही. ती आता तिथून हलणार नाही हे आम्ही धरूनच चाललो.

अब्बा रफीकच्या चाळिसाव्या दिवसाच्याही आधी टेबलाशी बसले. लोकांनी नावं ठेवली. पोरगा गेला आणि हा तिकिटं बघतोय, असं बायका मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायच्या. ते का बसले ते मला ठाऊक होतं. दुसरं काहीच त्यांना येत नव्हतं. माणसाला रोज उठून कुठंतरी बसावं लागतं. त्यांची नजर अधू झाली होती म्हणून दुपारी मी शेजारी बसायचे आणि भिंगातून बघून सांगायचे, पहिल्या खांबाचं टोक वाकडंय, कोरीत ठिपका नाही. ते आकडा टिपायचे. तास न् तास आमच्यात याखेरीज शब्द नसायचा. त्या दुपारी मला फार सोयीच्या वाटायच्या, कारण त्यात रफीक कुठंच नव्हता. त्याला त्या टेबलाशी कधी दोन मिनिटं बसवलं नव्हतं.

मग पुण्याहून पत्र आलं. तिथं तिकीटवाल्यांची एक मंडळी होती, दसऱ्यानंतर ती प्रदर्शन भरवणार होती, आणि अब्बांच्या पिवळ्या ओळींसाठी त्यांनी एक काचेची चौकट राखून ठेवली होती. अब्बांनी पत्र मला वाचायला दिलं, परत घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं. पुन्हा काढलं. त्या वर्षात त्यांनी काही मागितलं नव्हतं, कशाला हो म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते म्हणाले, "शमू, नवीन पुठ्ठा आणला पाहिजे. हा वाकलाय." मला तेवढ्यानंही हुशारी आली. कुणाला तरी काहीतरी हवं होतं.

पावसाळा अगदी भरात होता. जुना पुठ्ठा ओलीनं पोळीसारखा फुगला, म्हणून अब्बांनी त्यावरची पिवळी तिकिटं अलगद सोडवून, बटर पेपरात एकेक गुंडाळून, एका जाड पाकिटात भरली. दोन ओळींतली जेवढी मिळाली होती तेवढी सगळी, आणि ती उलटीसुलटी जोडीसुद्धा. तेवढ्यात त्यांना दोन दिवसांची पुण्याला ड्यूटी लागली. निघताना टेबलावरच्या कौलातून ठिबकायला लागलं होतं. पेटी बाहेरून घामेजलेली. त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. "कोरड्या जागी ठेव. तुला वाटेल तिथं ठेव, पण जागा कोरडी पाहिजे. याला थेंब लागला तर रंग सुटतो, मग काही राहात नाही." मी म्हटलं, बरं.

मी घरभर फिरले. कपाटात बुरशीचा वास. गादीखाली दमट. डब्यात ठेवावं तर डबे घामेजलेले. मग मी स्टुलावर चढले आणि पाकीट खुंटीवरच्या पिशवीत, इतर कागदांच्या मध्ये सरकवलं. घरातली सगळ्यात कोरडी जागा, सगळ्यात उंच, आणि जिला कुणी हात लावत नाही अशी. शिवाय त्या तिकिटांवर अक्षरंही तीच होती. खरं सांगते, खाली उतरताना मला स्वतःचं कौतुक वाटलं. आई पिंपाशेजारी होती, पण तिची पाठ माझ्याकडं होती आणि मी तिला सांगितलं नाही. तिला काही सांगायची सवयच मोडली होती आमची.

दुसऱ्या दिवशी मी क्लासवरून आले तेव्हा दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. पिंपाशेजारची जागा रिकामी. मी आधी पडवीत बघितलं, मग नळावर. मग स्वयंपाकघरात परत येऊन सहज वर पाहिलं तर खुंटी मोकळी. मी त्या खुंटीकडं बघत उभी राहिले. काय झालं असेल ते मला तेव्हाच समजलं, आणि तरी मी स्टूल ओढून वर चढले आणि खुंटीला हात लावून पाहिला.

थोड्या वेळानं बाहेर बोलण्याचा आवाज आला. औंढ्याची कोंडामावशी आम्हाला दूध घालायची, ती आणि तिच्या मागं आई. आईचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिंब, पायांना चिखल. कोंडामावशी दारातूनच म्हणाली, "शमे, तुजी आई लय धीराची हाय बग. सकाळी मी दूध घालून निगाले तं म्हनली, कोंडाबाई, तू औंढ्याकडं जातीस तं मला नदीपत्तोर ने. म्या म्हनलं, भाबी, पानी लय हाय, उद्याच्याला जा. न्हाई म्हनली."

"पिशवी कुठंय?" मी विचारलं. उत्तर मला माहीत असून विचारलं.

"दिली सोडून," आई म्हणाली. ती पायरीवर बसून पाय धूत होती. "कोंडाबाईनं हात धरला व्हता. चांगला गोटा बांदला. पार मदी गेली." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "रफीक कुटनं येनार आता न्यायला? मलाच न्यायला पायजे व्हती. उगाच येवढे दिस लटकत ठिवली."

तो गेल्यानंतर तिच्या तोंडून त्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. कोंडामावशी डोळे पुसून निघून गेली. आई उठली, लुगडं बदललं आणि शेगडीपाशी आली. "भूक लागलीय गं," ती म्हणाली. "काय केलंयस तू? शी, हे काय, भात हाय का लापशी?" आणि तिनं माझं पातेलं बाजूला सारलं. तांदळाचं पीठ काढलं, उकड काढली, सुके बोंबील भाजायला घेतले. तो वास घरभर झाला. भाकरी थापताना तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मी तिथंच बसून होते. मला धक्का बसला, रडू आलं, असं लिहायला हवं. पण तसं काही झालं नाही. मी एवढंच मनात म्हणत होते, की आईनं भूक लागली म्हटलं, आणि अब्बांच्या ओळी गेल्या. एकापुढं एक ठेवून बघत होते. दोन्हींपैकी काहीच मला पोचत नव्हतं.

अब्बा संध्याकाळच्या गाडीनं आले. दारातच थबकले. आतून आईचा आवाज येत होता, ती शेजारणीला हाक मारून चिंच मागत होती. अब्बांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यांना आनंद झाला होता. मी त्यांना पडवीत नेलं आणि सांगून टाकलं. पाकीट कुठं ठेवलं, का ठेवलं, आई कुठं गेली होती. एका दमात. थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं.

त्यांनी छत्रीतलं पाणी झटकलं, ती कोपऱ्यात उभी केली. "जोडी पण त्यातच होती," ते म्हणाले. विचारल्यासारखं नव्हे, नुसतंच. मी मान हलवली. मग म्हणाले, "तिला माहितीय?"

"नाही."

"सांगू नको. कधीच सांगू नको." मग म्हणाले, "तिला कळलं तर ती परत त्या पिंपाशी जाऊन बसेल. मग नाही उठायची." ते हात धुवायला गेले. मी म्हटलं, अब्बा, माझं चुकलं. ते म्हणाले, "मीच तुला कोरडी जागा म्हटलं होतं. ती कोरडीच होती." एवढंच. या विषयावर ते मला त्यानंतर आयुष्यात एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी जन्मभर त्यांची ऋणी राहिले असते. आम्ही जेवायला बसलो. अब्बांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. आईनं चौथी वाढली, तीही खाल्ली. सकाळी ड्यूटीला जायच्या आधी ते कुठंतरी जाऊन आले. बुटांना नदीकाठचा लाल चिखल होता. ते बूट मी धुतले.

मला वाटलं, आता प्रदर्शन गेलं. अब्बांनी नकाराचं कार्ड लिहूनही ठेवलं होतं, मी ते पेटीवर पाहिलं. पण आई आता घरात वावरायला लागली होती आणि तिला सगळ्याची चौकशी हवी होती. "ते परदर्शन कवा हाय वो?" तिनं एक दिवस विचारलं. अब्बा म्हणाले, बघू. "बघू काय बघू. मी बी येनार हाय," आई म्हणाली. "पोरगं गेलं तवापासनं तुमी तितं मान घालून बसलाय. मी कवा इचारलं न्हाई, काय करताय म्हनून. मला बघायचंय." तिनं ट्रंकेतून लग्नातलं लुगडं काढून उन्हाला टाकलं. उन्हाची तिरीप पडली की लुगडं बाहेर, सर आली की आत, असं चार दिवस चाललं. अब्बा ते बघत होते. पाचव्या दिवशी त्यांनी पेटीवरचं कार्ड फाडलं आणि नवा पुठ्ठा टेबलावर घेतला.

त्यांनी चौकोन आखले. पेन्सिलीनं आकडे घातले. प्रत्येक आकड्याखाली, त्या जागेच्या तिकिटात कुठली खोड होती ते बारीक अक्षरात लिहिलं. सगळं त्यांना तोंडपाठ होतं, भिंगाची गरजच नव्हती. शेजारी जांभळी, हिरवी, गुलाबी तिकिटं लावली, ती पेटीतच राहिली होती म्हणून वाचली होती. ओळी जुळवायला उपयोगी नसलेली दोनचार पिवळीही लावली. पण पहिल्या दोन ओळी रिकाम्या. मी आत-बाहेर करत होते, माझ्यानं त्या पुठ्ठ्याकडं बघवत नव्हतं. तो पुठ्ठा आज माझ्याकडं वराळ्यात आहे. आईच्या माहेरच्या शेतांवर आता सोसायट्या झाल्या, त्यातल्याच एका सोसायटीत मी राहते. मास्तरांनी पुढं पाठवली त्यामुळे त्यातल्या तीन जागा अब्बांच्या हयातीत भरल्या. नातू फोनवर दाखवतो, आजी, तुझी तिकिटं विकायला आलीत बघ. मी बघते. खांब बघते, कोर बघते, आणि फोन परत देते. अब्बा गेले, आईही गेली, तिला अखेरपर्यंत काही कळलं नाही. म्हणून आता हे लिहायला हरकत नाही. तरी लिहिताना मी दाराकडं बघतेय.

पुण्याला आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं गेलो. एका शाळेचा हॉल होता, ओळीनं काचेच्या चौकटी, आणि बरीचशी म्हातारी माणसं वाकून बघत होती. अब्बांच्या चौकटीपाशी कुणी फारसं थांबत नव्हतं. एक गृहस्थ थांबले, त्यांनी रिकाम्या ओळी पाहिल्या, खालच्या नोंदी वाचल्या आणि म्हणाले, "एवढं वर्णन केलंय म्हणजे तुम्ही ही पाहिलेली दिसताहेत." अब्बा म्हणाले, "हो. पाहिली होती." गृहस्थ पुढं गेले.

आई मात्र काचेपाशी उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण ती डावीकडून उजवीकडं, मग वरून खाली, सगळं बघत होती. भरलेल्या चौकोनांवरून तिची नजर फिरली आणि वरच्या दोन ओळींवर येऊन थांबली. "हितं काय न्हाई का?" तिनं विचारलं.

अब्बा म्हणाले, "ती नाहीत आता."

"गावली न्हाईत?"

"नाहीत."

आईनं काचेवर, त्या रिकाम्या चौकोनांवर, तळहात ठेवला. अब्बांच्या टेबलाला तिनं उभ्या आयुष्यात कधी हात लावला नव्हता. "न्हाईत तं न्हाईत," ती म्हणाली. "पन जागा ठिवलीत त्यांची. लय चांगलं केलंत. आपन घरात त्याची ठिवलीच न्हाई. ताट बी मांडलं न्हाई, नाव बी घेतलं न्हाई."

अब्बांनी चष्मा काढला आणि हातात धरून उभे राहिले. त्यांच्या तोंडाकडं मला बघवेना म्हणून मी काचेकडं पाहिलं. आईचा हात होता, पाची बोटं पसरलेली, आणि बोटांच्या मधून पेन्सिलीचे चौकोन दिसत होते. तेव्हा रफीक मला आठवला. नुसता मेलेला भाऊ म्हणून नव्हे. सायकल भिंतीला टेकवून, ओल्या पँटीच्या घड्या वर करत, दात काढत हसणारा रफीक. मी त्या हॉलमध्ये, अनोळखी माणसांच्या देखत, खाली बसले आणि मोठ्यानं रडले. आई माझ्याशेजारी फरशीवर बसली. तिनं काय झालं ते विचारलं नाही, नुसतं मला जवळ ओढून घेतलं, आणि मला वर्षभर साठलेलं सगळं तिथं रडून घेता आलं. एक पाकिटाची गोष्ट सोडून.